जुन्नरचा हिवाळा : अनुवाद, भाषाविज्ञान आणि विद्यापीठीय भाषाभ्यास

१

विद्यापीठात भाषेचा अभ्यास आज ज्या रीतीने विभागला गेला आहे, तिला इतिहास आहे, सोयही आहे. तात्त्विक आधार मात्र फारसा नाही. मराठी विभागात साहित्य शिकवले जाते, संस्कृत-प्राकृत विभागात जुन्या भाषा, परकीय भाषांच्या विभागात रशियन-जर्मन-फ्रेंच, आणि भाषाविज्ञान कुठे स्वतंत्रपणे, कुठे मराठीच्या एम. ए.च्या एखाद्या प्रश्नपत्रिकेपुरते. अनुवाद हा विषय या सर्वांच्या मधल्या मोकळ्या जागेत उभा असतो. तो सर्वांचा म्हणून कोणाचाच नसतो. अलीकडे अनुवादमीमांसेला अभ्यासक्रमात प्रतिष्ठा मिळाली हे खरे. परंतु तिची प्रमेये आणि उदाहरणे बहुधा इंग्रजीतून येतात आणि परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत तशीच परत जातात. ज्या भूमीवर महाविद्यालय उभे आहे त्या भूमीत अनुवादाचे काही मूलभूत प्रश्न शतकानुशतके पडून आहेत याची जाणीव विद्यार्थ्याला क्वचितच करून दिली जाते.

पुणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाचे जुन्नर आणि त्याला लागून असलेले आंबेगाव हे तालुके या दृष्टीने विचारात घेण्यासारखे आहेत. नाणेघाटातील सातवाहनकालीन लेख, जुन्नरच्या डोंगरांतील लेण्यांमध्ये यवन दात्यांनी कोरवलेले दानलेख आणि पंधराव्या शतकातील एका रशियन व्यापाऱ्याने केलेले जुन्नरचे वर्णन या तीन साधनांना एकत्र ठेवले, तर भाषाविज्ञान, अनुवाद आणि संस्कृतीचा अभ्यास यांना परस्परांपासून तोडता येत नाही हे स्पष्ट होते. ही तोडणी किती महागात पडते, हेही त्यातूनच दिसते.

२

त्व्हेर या रशियन नगरातील व्यापारी अफनासी निकितिन इ. स. १४७०च्या आसपास समुद्रमार्गे चौलला उतरला आणि घाट चढून जुन्नरला आला. त्याच्याजवळ विक्रीसाठी आणलेला एक घोडा होता. बहमनी राज्यात घोड्यांची पैदास होत नसे, ते समुद्रावरून येत. त्यामुळे त्यांना मोठी किंमत होती. जुन्नरचा अधिकारी असदखान याने हा घोडा काढून घेतला आणि निकितिन मुसलमान नसून रशियन आहे हे कळल्यावर त्याच्यापुढे धर्मांतराची अट ठेवली. धर्म स्वीकारला तर घोडा परत आणि वर हजार सुवर्णनाणी. नाहीतर घोडा गेलाच, शिवाय हजारांचा दंड. चार दिवसांची मुदत मिळाली. खोरासानचा एक खोजा महंमद मध्ये पडला आणि निकितिन सुटला. मायदेशी पोहोचण्यापूर्वीच, स्मोलेन्स्कच्या अलीकडे, त्याचा मृत्यू झाला. त्याचे टिपण रशियन बखरींत समाविष्ट झाले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासकार करामझिनला त्याची प्रत मठात सापडली आणि १८५७ साली ते हक्लुइत सोसायटीमार्फत इंग्रजीत आले.

या टिपणात निकितिन जुन्नरच्या मुक्कामाविषयी जे सांगतो, त्यात अनुवादकाला अडवणारी एक जागा आहे. ट्रिनिटीच्या सणापासून, म्हणजे मे अखेर ते जूनच्या सुमारास, या देशात ‘झिमा’ सुरू झाला असे तो लिहितो. रशियन भाषेत ‘झिमा’ म्हणजे हिवाळा. त्याच शब्दावरून बनलेले क्रियापद वापरून आपण जुन्नरला ‘हिवाळा काढला’ असे तो म्हणतो. आणि लगेच पुढे सांगतो की, चार महिने अहोरात्र जिकडे तिकडे पाणी आणि चिखल असतो, याच दिवसांत इथले लोक नांगरतात आणि पेरतात.

जुन्नरचा पावसाळा त्व्हेरच्या माणसाला हिवाळा का वाटावा? हवामानाच्या अंगाने पाहिले तर ही चूकच आहे. परंतु शब्दाचा अर्थ केवळ तापमानात नसतो. व्होल्गेच्या काठच्या व्यापाऱ्याच्या दृष्टीने ‘झिमा’ हा नदीवरची वाहतूक थांबण्याचा आणि होड्या काठाला लागण्याचा काळ होता. त्या काळात माणसाने असेल तिथे मुक्काम करून ऋतू पालटण्याची वाट पाहायची असते. जुन्नरला आल्यावर निकितिनला ऋतूचा हाच घटक ओळखू आला. वाटा बंद झाल्या, व्यापार थांबला, मुक्काम पडला. हिमाऐवजी पाणी होते एवढेच. त्याने शब्दाचा कोशातील अर्थ सोडला आणि समाजजीवनातील त्याचे कार्य उचलले.

मराठी अनुवादकाने येथे काय करावे? ‘पावसाळा’ लिहिले तर वस्तुस्थिती बरोबर राहते, पण निकितिनचे पाहणे नाहीसे होते. उरते ते मराठी वाचकाला आधीच ठाऊक असलेले. ‘हिवाळा’ लिहिले तर जूनमध्ये हिवाळा कसा, असे म्हणून वाचक थबकतो. तिसरा एक पर्याय मोह पाडणारा आहे. भारतीय परंपरेत पावसाळ्याचे चार महिने एका ठिकाणी राहण्याला ‘चातुर्मास’ म्हणतात, आणि बौद्ध भिक्षूंच्या अशाच मुक्कामाला ‘वर्षावास’. निकितिन जिथे राहिला त्या गावाभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी खोदलेली आहेत आणि त्यांतील विहार वर्षावासाच्या याच प्रथेशी जोडलेले आहेत. ‘वर्षा’ म्हणजे पाऊस आणि ‘वर्ष’ म्हणजे संवत्सर हा संबंधही भाषेनेच जपला आहे. तेव्हा निकितिनच्या रशियन क्रियापदाला अर्थाच्या दृष्टीने सर्वांत जवळचा भारतीय शब्द त्याच्या डोक्यावरच्या डोंगरातच होता असे म्हणावे लागते.

तरीही तो शब्द अनुवादात योजणे योग्य ठरणार नाही. निकितिनची पोथ्या-पुस्तके प्रवासाच्या आरंभीच लुटारूंच्या हाती गेली होती. त्यामुळे ईस्टर केव्हा, उपवास कोणते, हे त्याला अंदाजाने ठरवावे लागत होते आणि त्याची खंत त्याच्या लेखनात वारंवार येते. ‘चातुर्मास’ हा व्रतांनी आणि नेमांनी बांधलेला काळ आहे. ज्या माणसाचे धार्मिक पंचांगच हरवले आहे, त्याच्या तोंडी दुसऱ्या धर्माचे पंचांग घालणे हा अर्थाचा लाभ नसून त्याच्या दुःखाचा लोप आहे. म्हणून ‘हिवाळा’ हाच शब्द ठेवणे इष्ट. पुढच्याच वाक्यातले पाणी आणि चिखल वाचकाची समजूत दुरुस्त करतात आणि परक्या माणसाच्या आश्चर्यातून वाचकही क्षणभर जातो. वर्षावासाचे ज्ञान भाष्यात यावे, संहितेत येऊ नये. असा निर्णय घेण्यासाठी मात्र रशियन भाषा, बौद्ध आचार, ऋतूंची शब्दावली आणि मराठीची सूक्ष्म जाण या चारही गोष्टी एकाच अभ्यासकाच्या, किंवा निदान एकाच चर्चासत्राच्या, आवाक्यात असाव्या लागतात.

३

निकितिन गावाचे नाव ‘च्युनेर’ असे लिहितो. हे लेखनही केवळ अज्ञान म्हणून बाजूला सारता येत नाही. रशियनच्या ध्वनिव्यवस्थेत ‘च’ हा स्वतंत्र स्वनिम आहे. त्याचा घोष जोडीदार ‘ज’ तसा नाही. ऐकणाऱ्याने आपल्या भाषेत जे होते त्यात नाव बसवले. परभाषेतील ध्वनी माणूस स्वतःच्या ध्वनिव्यवस्थेच्या चाळणीतून गाळूनच ऐकतो, हे तत्त्व न. स. त्रुबेत्स्कॉय याने त्याच्या मृत्यूनंतर, १९३९ साली, प्रसिद्ध झालेल्या स्वनिमविचारावरील ग्रंथात मांडले. मराठीत ‘ज’चे दोन उच्चार आहेत, एक तालव्य आणि एक दंततालव्य. निकितिनने हे नाव स्थानिक शेतकऱ्याच्या तोंडून ऐकले की फार्सी बोलणाऱ्या एखाद्या अधिकाऱ्याच्या, असाही प्रश्न त्यातून निघतो. एका ग्रामनामाच्या लेखनातून स्वनिमविचाराचा संपूर्ण पाठ देता येतो.

हीच चाळण उलट दिशेनेही चाललेली जुन्नरला पाहावयास मिळते. लेण्यांतील तीन दानलेखांत दाते स्वतःला ‘यवन’ म्हणवतात. इरिल नावाच्या यवनाने पाण्याच्या दोन पोढ्या दिल्या. चित नावाच्या यवनाने संघाला भोजनमंडप दिला. चंद नावाच्या यवनानेही दान दिले. लेखांची भाषा प्राकृत, लिपी ब्राह्मी, दानासाठी योजलेली परिभाषा बौद्धांची. भाषा आणि आचार या दोन्ही बाबतींत हे परके पूर्णपणे अनुवादित झालेले आहेत. परकेपण उरते ते ‘यवन’ या एका शब्दात आणि एखाद्या नावात. चंद हे नाव तर इथलेच वाटते. इरिल हे कोणत्या मूळ नावाचे प्राकृत रूप असावे यावर अभ्यासकांचे एकमत नाही. कोरणाऱ्याच्या कानाची चाळण येथेही मध्ये आलेली आहे. या प्रदेशात पावसात डोक्यावर घ्यायच्या आच्छादनाला ‘इरले’ म्हणतात. ध्वनिसाम्याच्या मोहाने त्याचा संबंध इरिलशी जोडणारा उत्साही संशोधक निघणे अशक्य नाही. अशा मोहापासून वाचवणे हेही भाषाविज्ञानाचे एक काम आहे.

इरिल आणि चित यांच्या लेखांत ‘गतानं’ असा आणखी एक शब्द येतो. नॉर्वेचे पंडित स्टेन कोनो यांनी १९१२ साली त्यात गॉथ या युरोपीय टोळीचे नाव पाहिले. ते सर्वमान्य झाले नाही. इतरांनी त्यात स्थळाचे किंवा कुळाचे नाव शोधले. एका षष्ठी बहुवचनी रूपाने जुन्नरचा संबंध थेट उत्तर युरोपशी जोडावा किंवा जोडू नये, एवढे वजन व्याकरणाच्या एका प्रत्ययाला येते. भाषाभ्यासात कल्पनाशक्ती आणि शिस्त यांचे नाते कसे असावे, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

इरिल आणि निकितिन यांची तुलना केली असता परक्याच्या दोन भूमिका समोर येतात. पहिल्याने स्वतःला इथल्या भाषेत उतरवले, दुसऱ्याने इथल्या जगाला आपल्या भाषेत उतरवले. दोघांच्याही लेखनात भाषांतराला दाद न देणारा अवशेष राहिला. आधुनिक अनुवादमीमांसा ज्याला परकेपणाचे जतन आणि परक्याचे आत्मसातीकरण म्हणते, त्या दोन टोकांची उदाहरणे एकाच गावाच्या परिसरात आहेत.

४

निकितिनच्या रशियनमध्ये आणखी एक गुंता आहे. त्याच्या लेखनात तुर्की, फार्सी आणि अरबी शब्द व वाक्येही विखुरलेली आहेत. काही शब्द वस्तूंबरोबर आले. भातासाठी तो ‘तुतुरगान’ हा तुर्की शब्द योजतो, हरभऱ्यासाठी फार्सीवरून आलेला ‘नोगुत’. घोड्यांना खाऊ घालण्यात येणाऱ्या खिचडीला ‘किचिरिस’ म्हणतो. या शब्दांचे स्पष्टीकरण सोपे आहे. बाजारात ज्या भाषेत सौदा झाला त्या भाषेतले नाव मालाला चिकटून आले.

परंतु काही ठिकाणी भाषेचा हा बदल वस्तूंसाठी नाही. मायभूमीविषयीचे प्रेम, तिथल्या सरदारांच्या अन्यायाबद्दलची तक्रार, ईश्वराची करुणा भाकणे, आणि दुसऱ्या टोकाला स्त्रियांविषयीचा उघड मजकूर, असे काही लिहिताना तो रशियन सोडतो आणि बाजारातल्या त्या मिश्र भाषेत शिरतो. त्याच्या टिपणाचा शेवट अरबी प्रार्थनेने होतो. जुन्नरला धर्म सोडण्यास नकार देणारा माणूस ज्यांचा धर्म नाकारला त्यांच्याच भाषेत देवाला हाक मारतो, याचा अर्थ कसा लावायचा, हा या संहितेतील सर्वांत कठीण प्रश्न आहे. त्याने अखेर धर्मांतर केले होते, असे अनुमान काही अभ्यासकांनी काढले. त्रुबेत्स्कॉयने १९२६ साली निकितिनच्या प्रवासवर्णनावर लिहिलेल्या निबंधात या प्रश्नाला साहित्यसमीक्षेच्या अंगाने उत्तर दिले. ही परभाषिक वाक्ये त्याने संहितेच्या रचनेचा भाग म्हणून वाचली. सामान्य रशियन वाचकाला ती कळणार नव्हती, आणि म्हणूनच लेखकाच्या अंतरीचे असे पुष्कळ काही त्यांच्या आड सुरक्षित राहू शकले.

स्वनिमविचाराचा पाया घालणारा भाषावैज्ञानिक एका जुन्या प्रवासवर्णनाच्या रचनेवर निबंध लिहितो, ही गोष्ट मराठी अभ्यासकांनी लक्षात घ्यावी अशी आहे. भाषाविज्ञान आणि साहित्यसमीक्षा यांच्यामध्ये भिंत उभी करण्याची आवश्यकता त्याला भासली नाही. मराठीतही असे उदाहरण आहे. अशोक केळकर यांनी १९५८ साली कॉर्नेल येथे मराठीच्या ध्वनिव्यवस्थेवर आणि पदव्यवस्थेवर प्रबंध लिहिला, डेक्कन कॉलेजात भाषाविज्ञान शिकवले आणि ‘रुजुवात’मधून साहित्यमीमांसा केली. त्यांच्याविषयी आदर सर्वत्र व्यक्त होतो. त्यांच्या अभ्यासरीतीला अनुरूप अशी अभ्यासक्रमाची रचना मात्र त्या प्रमाणात झाली नाही.

निकितिनचा अनुवाद करणाऱ्याला त्या परभाषिक वाक्यांचेही मराठी करून चालणार नाही. केले तर झाकलेले उघडे पडते, आणि झाकणे हीच तेथील भाषिक कृती असल्यामुळे अर्थच बदलतो. येथे मराठी अनुवादकाला इतर भाषांतील अनुवादकांना नसलेली एक अडचण आहे. खुदा, अल्ला, खान हे शब्द मराठी वाचकाला परके नाहीत. शतकांच्या संपर्काने ते भाषेत मुरलेले आहेत. रशियन वाचकाला जे अपारदर्शक होते ते मराठी वाचकाला अर्धे उघडेच आहे. या अर्ध्या उघडेपणाचे काय करायचे, हा प्रश्न मराठीतच उत्पन्न होतो आणि मराठीतच सोडवावा लागेल. परदेशी सिद्धांतग्रंथांत त्याचे तयार उत्तर नाही.

५

‘यवन’ शब्दाचा पुढचा प्रवासही याच परिसरात वाचता येतो. मूळ आयोनियन ग्रीकांच्या नावाशी संबंधित असलेला हा शब्द प्राचीन इराणी भाषेत ‘यौन’ होता. लेण्यांत तो आदरणीय दात्याच्या नावाआधी येतो. त्यानंतरच्या मराठी लेखनात तोच शब्द मुसलमान सत्ताधीशांसाठी रूढ झाला. १६३० साली ज्या शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला त्या डोंगराच्या कड्यांतही लेणी आहेत. कोणाला परके म्हणायचे याविषयी समाजाची कल्पना बदलली, शब्द तोच राहिला. शब्दाचा इतिहास न सांगता केवळ कोशातील अर्थ दिला, तर या दोन काळांपैकी एकाविषयी विद्यार्थ्याचा हमखास गैरसमज होतो.

नाणेघाटाचा लेख तर आज सार्वजनिक चर्चेचा विषय झाला आहे. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळावा म्हणून रंगनाथ पठारे समितीने २०१३ साली जो अहवाल दिला, त्यात या लेखातील ‘महारठिनो’ या शब्दाचा पुरावा म्हणून आधार घेण्यात आला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने तो दर्जा दिला. त्याचा आनंद साहजिक आहे. परंतु पुरावा म्हणून उद्धृत होणे आणि संहिता म्हणून वाचले जाणे यांत अंतर आहे. लेखाच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. ब्यूलर यांनी तो इ. स. पूर्व दुसऱ्या शतकातील मानला, तर दिनेशचंद्र सरकार यांनी पहिल्या शतकाच्या उत्तरार्धातील. ‘महारठि’ हे पदनाम की लोकनाम, त्यावरून भाषेच्या नावापर्यंत कसे जाता येते, हे स्वतंत्र प्रश्न आहेत. यज्ञांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती आणि कार्षापणे यांची मोजदाद या लेखात आहे. त्यातील अंकचिन्हांचे महत्त्व पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८७७ साली दाखवून दिले. भारतीय अंकलेखनाच्या इतिहासात त्यांना मोठे स्थान आहे. एका राणीने आपल्या कुळाची, यज्ञांची आणि दानांची नोंद व्यापारी घाटात, जकात भरणाऱ्यांच्या आणि ओझी वाहणाऱ्यांच्या नजरेसमोर का करवावी, हा संज्ञापनाचा प्रश्न तर जवळजवळ अस्पर्शित आहे.

मराठीच्या अभ्यासक्रमात भाषेचा इतिहास आक्षी वा श्रवणबेळगोळ येथील लेखांपासून आरंभण्याची प्रथा आहे; त्याआधीचे सारे प्राकृत म्हणून दुसऱ्या विभागाकडे जाते. दर्जासाठी जो लेख आपला, तो अध्यापनासाठी परका, असा हा विरोध आहे. येथे आणखी एका घटनेचे स्मरण उचित ठरेल. मराठीच्या जडणघडणीचा पहिला शास्त्रशुद्ध इतिहास झ्यूल ब्लॉक यांनी फ्रेंचमध्ये लिहिला, तो १९२० साली प्रसिद्ध झाला, आणि वासुदेव गोपाळ परांजपे यांनी १९४१ साली तो ‘मराठी भाषेचा विकास’ या नावाने मराठीत आणला. मराठीला स्वतःचा इतिहास कळला तोही अनुवादातून. मराठी विभागात अनुवादाला दुय्यम लेखणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

६

यावर आक्षेप संभवतो की, प्रत्येक विद्यार्थ्याने रशियन, प्राकृत, फार्सी आणि भाषाविज्ञान शिकावे ही अपेक्षा अव्यवहार्य आहे. विशेषज्ञता हे आधुनिक विद्यापीठाचे बळ आहे. आक्षेप रास्त आहे. तथापि येथे मागणी सर्वज्ञतेची नाही. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये रशियन शिकवली जाते, विद्यापीठात संस्कृत-प्राकृत व पाली यांचे विभाग आहेत, डेक्कन कॉलेजात भाषाविज्ञान आणि पुरातत्त्व दोन्ही आहेत. जुन्नर तेथून सुमारे ९० किलोमीटरवर आहे. एका संहितेभोवती या विभागांनी एक सत्र एकत्र बसावे, एवढीच अपेक्षा आहे, आणि ती विशेषज्ञतेला बाधक नाही. विशेषज्ञाला आपल्या ज्ञानाची सीमा कळते ती शेजारच्या विशेषज्ञाने प्रश्न विचारल्यावरच.

दुसरा प्रश्न अधिक गंभीर आहे. या चर्चासत्रात कोण बसणार? जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेकडील गावांत, भीमाशंकरच्या आणि नाणेघाटाच्या बाजूला, महादेव कोळी समाजाची मोठी वस्ती आहे. हिरडा गोळा करणारा, राब भाजून खाचरात आवणी करणारा हा समाज पावसाच्या चार महिन्यांत वाटा बंद होणे म्हणजे काय ते अनुभवाने जाणतो. झड, उघडीप, मृग, आर्द्रा यांच्या भाषेत तो ऋतू मोजतो. निकितिनने पावसाळ्याला हिवाळा का म्हटले, हे अशा घरातल्या विद्यार्थ्याला शहरातल्या अनुवादशास्त्राच्या विद्यार्थ्यापेक्षा लवकर उमगण्याचा संभव आहे. परंतु तो महाविद्यालयात येतो तेव्हा त्याची बोली ही दुरुस्त करावयाची बाब ठरते. अ. मा. घाटगे यांनी १९६० नंतरच्या काळात मराठीच्या अनेक बोलींची शास्त्रीय वर्णने सिद्ध केली, २०१३ साली भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्र खंड आला, डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने बोलींच्या सर्वेक्षणाचे काम हाती घेतले. ही कामे मोलाची आहेत. त्यांत बोलणारा मात्र बहुधा माहिती पुरवणारा म्हणून उभा असतो; अर्थ लावणारा म्हणून त्याला बोलावणे अद्याप बाकी आहे.

आंबेगाव हे मूळ गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. तालुक्याचे नाव तेच राहिले आणि कारभार घोडेगावातून चालतो. वस्तू गेल्यावरही शब्द उरतो आणि व्यवहार चालवतो, हे भाषाविज्ञानाच्या पहिल्या तासाला सांगायचे तत्त्व येथील प्रत्येक माणूस पत्ता लिहिताना वापरत असतो. ते त्याला ठाऊक आहे हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

अभिजात दर्जामुळे मराठीच्या अभ्यासाला निधी आणि नवी केंद्रे मिळण्याची अपेक्षा आहे. रिद्धपूर येथे मराठी भाषा विद्यापीठही स्थापन झाले आहे. या निधीतून नाणेघाटाच्या लेखाची छायाचित्रे आणखी मोठी करून लावता येतील, किंवा तो लेख, इरिल-चितांचे दानलेख आणि निकितिनचे टिपण हे मूळ पाठ, मराठी अनुवाद आणि भाष्य यांसह एका पुस्तकात आणून जुन्नर, मंचर, घोडेगावच्या पदवी वर्गांत शिकवता येतील. दुसरे काम अधिक कष्टाचे आहे. त्यासाठी रशियन जाणणाऱ्याला प्राकृत जाणणाऱ्याशी आणि त्या दोघांना आवणी जाणणाऱ्या विद्यार्थ्याशी बोलावे लागेल. मराठी विभागाने या संवादाचे यजमानपद घ्यावे. कारण हे सारे एकमेकांशी ज्या भाषेत बोलतील ती मराठीच असणार आहे.